तुझ्या नावाचा स्लॅब

प्रिय दादा,

येत्या रविवारी आपल्या वस्तीत तुझ्या नावाच्या सभागृहाचं उद्घाटन आहे. पाटी रंगवून झाली. ‘मिलिंद स्मृती सभागृह’, वर मराठीत, खाली तेलुगूत. अक्षर सुरेख आलंय. इमारत स्लॅबची आहे.

हो, स्लॅबची. तू बांधलेलं मातीचं सभागृह पाडून त्याच जागेवर लोकांनी ही उभी केली. तुला हे कोणीतरी सांगायला हवं, आणि ते मीच सांगावं असं वाटलं.

आपण आत्मा मानत नाही. तुझं पुण्यानुमोदन आपण साधेपणानं केलं, तेव्हा भंतेजी म्हणाले होते की माणूस जातो, त्याचं चांगलं काम तेवढं मागे उरतं. मी पाच-सहा महिने त्या वाक्याला धरून राहिले. आता ते कामही उरलेलं नाही. मग हे पत्र मी कोणाला लिहितेय, असं तू विचारशील. मलाही माहीत नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसलेय. घरी बाबांसमोर हे लिहिता येणार नाही.

तू हैदराबादहून आर्किटेक्ट होऊन आलास, तो दिवस आठवतो? वस्तीत तो शब्द कोणालाच म्हणता येत नव्हता. किसनमामा तुला ‘मोठा मेस्त्री’ म्हणायचे आणि तू हसायचास. बाबांचा तर पाय जमिनीवर नव्हता. सालदाराचा पोरगा तहसील कचेरीत अटेंडर झाला, पुढे क्लार्क झाला, आणि त्याचा पोरगा आता मोठमोठ्या इमारती बांधणार! बाबांना वाटलं होतं, तू हैदराबादेत काचेची, उंच, लिफ्टची घरं बांधशील. वर्षातून एकदा आम्हाला तिथं नेशील आणि बोट दाखवून म्हणशील, ही माझी.

तिथल्या नोकरीतून तू दोन वर्षांतच परत आलास. वस्तीला वंदनेसाठी, जयंतीसाठी, पोरांच्या अभ्यासासाठी एक जागा हवी होती. ती तू बांधून देणार होतास. आणि ती मातीची असणार होती.

त्या संध्याकाळी आपल्या अंगणात झालेलं बोलणं मी विसरणं शक्य नाही. तू कागद पसरून सगळ्यांना समजावत होतास. दगडाचं जोतं, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर बेज्जूरकडच्या बांबूचं आणि भाजलेल्या मातीच्या कवेलूचं छप्पर, भिंतीत उंचावर लहान खिडक्या. वैशाखात बाहेर माणूस भाजून निघाला तरी आत पंख्याची गरज पडणार नाही, असं तू म्हणत होतास. गिट्टीसाठी टेकडी फोडायला नको, सिमेंट लांबून आणायला नको. जे आपल्या पायाखाली आहे त्याचंच बांधू.

बाबा तोपर्यंत कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, “आमी मातीतून बाहीर निंगालो, आन् तू आमाले परत मातीत घालून राह्यला?”

आपलं घर तेव्हा वस्तीतलं पहिलं स्लॅबचं घर होतं. स्लॅब पडला तेव्हा बाबांनी कचेरीतून सुट्टी काढून स्वतः त्यावर पाणी मारलं होतं, दोन्ही वेळा, कोणाला हात लावू न देता. तो स्लॅब म्हणजे त्यांच्यासाठी काय होता, हे तुला कळत नव्हतं असं नाही. तरीही तू उत्तर दिलंस. तू म्हणालास की या गावातली एकूणएक जुनी भिंत आपल्या लोकांच्या हातची आहे, देशमुखाच्या घराचीसुद्धा. ही कला आपली आहे, मग तिची लाज आपण का बाळगायची?

बाबा म्हणाले, “हात आपले होते. घरं त्यायची होती.”

आणि उठून आत गेले. दादा, तुझ्याकडे त्याचं उत्तर होतं का? मी अजून शोधतेय. तुम्ही दोघंही खरं बोललात आणि त्यानंतर त्या विषयावर तुम्ही एकमेकांशी कधी बोलला नाहीत. एकाच पंगतीला बसायचात, कापसाच्या भावावर बोलायचात, बोरवेलवर बोलायचात. सभागृहाचं नाव निघालं की बाबा हात धुवायला उठायचे.

पण ते उभं राहिलं! तुझ्यापुढे कोणाचं काय चाललं असतं? माती तुडवायला पोरं आली, आधी थट्टा करायला आणि मग कामाला. भिंती उभ्या राहिल्यावर तू वस्तीतल्या बायांना बोलावलंस. त्यांनी भिंतीवर मातीचे हत्ती काढले, मोर काढले, दाराच्या दोन्ही अंगांना पिंपळाची पानं उठवली. असल्या नक्षीबद्दल मी तोवर फक्त आईकडून ऐकलं होतं. आई असती तर तिनं सगळ्यांना बाजूला सारून दारावरचं पान स्वतः काढलं असतं. मला ती सारखी आठवत होती त्या दिवसांत.

पहिल्या जयंतीला एप्रिलचं ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. सगळी म्हातारी माणसं सकाळीच आत येऊन बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाहीत. एक म्हातारी म्हणाली, इथं तं झोप येते बाई, वंदना कशी करू? तू दाराशी उभा राहून ऐकत होतास. तुझा चेहरा मी इतका मोकळा पुन्हा कधी पाहिला नाही.

बाबा त्या दिवशी कोणाच्या तरी लग्नाला भीमपूरला गेले होते. ते लग्न टाळता आलं असतं.

पुढची काही वर्षं बरी गेली. दहावीच्या पोरी तिथं अभ्यासाला बसायच्या. हैदराबादहून कॉलेजचे विद्यार्थी यायचे, भिंतीला हात लावून बघायचे, फोटो काढायचे. कोणीतरी मासिकात लिहिलं की आदिलाबादच्या एका खेड्यात विसरलेली वास्तुकला परत जिवंत होतेय. तू ते मासिक मला दाखवलंस. मी वाचलं आणि विचारलं, दादा, दुसरं कुठे बांधायला सांगितलं का कोणी? तू मासिक मिटलंस आणि म्हणालास, सांगतील.

कोणी सांगितलं नाही. एकानंही नाही. कौतुक करणारे आपापल्या गाड्यांत बसून गेले. तू दरख्वास्त घेऊन आदिलाबादला चकरा मारत राहिलास. सरकारी घरं मातीची बांधू द्या, निदान एक तरी बांधून बघू, असं सांगत राहिलास. कचेरीतले साहेब, तिथले ‘सारू’, चांगले होते, चहा पाजायचे. पण त्यांच्याकडे घरांचे दोनच प्रकार होते, कच्चं आणि पक्कं. तुझ्या भिंतीला त्यांनी ‘गुडिसे’ म्हटलं. तेलुगूत झोपडीला म्हणतात तो शब्द. त्या दिवशी तू घरी येऊन जेवला नाहीस.

आणि मग वांदरं आली. हे मी कोणाला सांगितलं तर हसतात, पण तुझ्या कामाचा घात वांदरांनी केला. जंगल तुटत गेलं तशी ती गावात शिरली. टोळीच्या टोळी छपरावरून उड्या मारायची आणि कवेलू फुटायचे. गावातली कवेलूची घरं एकेक करून पत्र्याची झाली ती त्यामुळेच. लोकांना पत्र्याची हौस होती असं नाही. दर पावसाळ्याआधी छप्पर फेरायचं, फुटलेले कवेलू काढून नवे घालायचे, हे कोणाला परवडत नव्हतं. तोवर तुला कवेलू करून देणारा नेरडीगोंड्याकडचा कुंभारही थांबला. त्याची पोरं वीटभट्टीवर गेली.

तू काय केलंस? गावात घर पडतंय असं कळलं की बैलबंडी घेऊन तिथं हजर व्हायचास. लोक पत्रे चढवायचे आणि त्यांचे जुने कवेलू तू घेऊन यायचास. कधी कधी मला वाटायचं, तुला गावातली जुनी घरं टिकायला हवी होती ना? मग ती पडली की तुझं छप्पर भरायचं, हे तुला कसं सोसवत होतं? मी एकदा विचारलं. तू म्हणालास, “सुजी, मले तेच समजून नाही राह्यलं.” तू असं बोलायचा नाहीस. कॉलेजातून आल्यापासून तू माझ्याशी पुस्तकी मराठीतच बोलायचास. म्हणून ते वाक्य लक्षात राहिलं.

मग गावात कवेलूचं एकही घर उरलं नाही. आता फुटलं की जुनं कुठून आणायचं? मधे मधे तू प्लास्टिक अंथरायला लागलास. एका पावसाळ्यात मागच्या भिंतीत पाणी मुरलं आणि हत्तीची सोंड गळून पडली. पोरींनी अभ्यासाला यायचं बंद केलं. वंदना किसनमामांच्या ओसरीवर व्हायला लागली. तू तरीही रोज सकाळी जाऊन कुलूप उघडायचास, संध्याकाळी लावायचास. कशासाठी उघडत होतास, दादा? आत कोण येणार होतं?

तुझ्यावर माझा एक राग आहे, तो आज बोलते. त्या मे महिन्यात छप्पर फेरायला तू एकटा वर काऊन चढला? पोरांना तू सांगून ठेवलं होतंस, पण सगळे पेरणीच्या तयारीत होते. चार दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? बांबू वाळवीनं आतून खाल्ला होता, हे तुला माहीत नव्हतं? तुला? की माहीत असूनही चढलास? हा विचार आला की मी पोळ्या लाटता लाटता थांबते.

तू पडल्यावर तुला बाजेवर घालून आणलं तेव्हा बाबा अंगणात होते. जीप आली, तुला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं, आणि ते शेवटपर्यंत वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून राहिले. आत यायला सांगितलं तरी आले नाहीत. तू गेलास ते मी बाहेर येऊन सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, “त्या मातीनं माहं पोरगं खाल्लं.” बाकी तेरा-चौदा माणसं उभी होती, सगळ्यांनी ते ऐकलं. माझ्या मते सभागृह त्याच क्षणी पडलं. यंत्र नंतर आलं.

वाईट कोणी नाही यात. हेच तर मला सहन होत नाही. तू गेल्यावर वस्ती खरंच हळहळली. किसनमामा दोन दिवस जेवले नाहीत. मग सगळे बसले आणि ठरलं की मिलिंदच्या नावानं काहीतरी पक्कं करू, पुन्हा कोणाचा पोरगा छपरावरून पडायला नको. आमदार फंडातून मंजुरी मिळवली, लोकांनी श्रमदान केलं. प्रेमानंच केलं सगळं. आणि आता किसनमामा डोळ्यांत पाणी आणून सांगतात की मरताना मिलिंद म्हणाला, गावाला पक्का हॉल द्या. मी तिथं होते. तू पाणी मागितलंस आणि खिडकी उघडायला सांगितलीस. सभागृहाबद्दल एक शब्द बोलला नाहीस. पण आता वस्तीतली पोरंसुद्धा तुझं ते न बोललेलं वाक्य सांगतात. मी कोणाकोणाला खोटं पाडू?

पाडायच्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली होती. जेसीबीला फार वेळ लागला नाही. भिंत एकदम कोसळेल असं मला वाटलं होतं, पण ती नुसती खाली बसली. मग लोक घमेली घेऊन आले. जुन्या भिंतीची माती शेताला चांगली, म्हणून ज्यानं त्यानं नेली. बांबू चुलीला गेले. दुपारपर्यंत जागा साफ झाली होती. तू नेहमी सांगायचास, मातीचं घर पडलं तर कोणावर ओझं ठेवत नाही, मातीत माती मिळते. ते ऐकायला मला किती छान वाटायचं! त्या दुपारी वाटलं, निदान ढिगारा तरी उरायला हवा होता. जवळ जाऊन उभं राहायला काहीतरी. हत्तीचा एक तुकडा मी शोधत होते. कोणाच्या तरी सोयाबीनमध्ये गेला असेल.

आता जे सांगते त्याच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

मंजुरीच्या कागदावर वस्तीतल्या पाच जणांच्या सह्या लागत होत्या. बाबांची पहिली. पण त्या सहीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना शोधत होते, ते कुठे सापडेनात. शेवटी तुझ्या सभागृहाचं दार उघडं दिसलं. बाबा आत होते, दादा. बांधल्यापासून त्यांनी कधी उंबरठा ओलांडला नव्हता, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. ते जमिनीवर उघड्या अंगानं, सदरा डोक्याखाली घेऊन झोपले होते. गाढ झोपले होते. तू गेल्यापासून मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी दाराबाहेर बसून राहिले. बऱ्याच वेळानं ते उठले, मागच्या भिंतीवरून हात फिरवला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

मी त्यांच्याशी भांडले. इतक्या वर्षांत वर तोंड करून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, “बाबा, तुमाले आत बरं वाटलं ना? मंग सही काऊन केली?”

ते म्हणाले, “बरंच वाटलं. आमचं घरबी असंच गार होतं.”

आणि मग त्यांनी मला गिरजाचं सांगितलं. तू हे नाव कधी ऐकलं होतंस? मी नव्हतं ऐकलं. गिरजा त्यांची धाकटी बहीण. बाबा तेव्हा देशमुखाची गुरं राखायचे. झडीच्या दिवसांत, आठवडाभर पाऊस लागून राहिलेला असताना, त्यांच्या घराची भिंत आत कोसळली. गिरजा भिंतीला टेकून बसली होती. देशमुखाच्या घराला दगडाचं जोतं होतं, आपल्या लोकांना ते बांधायची मुभा नव्हती, म्हणून भिंत जमिनीतूनच पाणी प्यायची. गुरांकडून परतल्यावर बाबांनी हातांनी माती उपसली. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या वाड्याची भिंत सावरायला गेले होते.

मी विचारलं, हे तुम्ही दादाला का नाही सांगितलं? त्यानं दगडाचं जोतं धरलं होतं. त्याला तर हेच करायचं होतं, ती भिंत पुन्हा पडू नये अशी बांधायची होती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “सांगतलं असतं तं त्यानं बांधलं नसतं. मले वाटे, बांधू दे. मले फक्त पाहाचं नवतं.”

दादा, त्यांनी तुला अडवलं नव्हतं रे. इतकी वर्षं आपण दोघं समजत होतो की ते तुझ्या विरोधात आहेत. ते रोज घाबरत होते, आणि तरी तुला बांधू देत होते.

हे तुला कळलं असतं तर काय झालं असतं? सभागृह वाचलं असतं असं मला वाटत नाही. कवेलू मिळालेच नसते, वांदरं आलीच असती, कचेरीत कच्चं ते कच्चंच राहिलं असतं. बदललं काहीच नसतं. फक्त तुम्ही दोघं जेवताना थोडं वेगळं बोलला असता.

मी तुला खोटी आशा दाखवत नाही. तुझं काम पुढे नेणारं कोणी नाही. माझ्या शाळेची नवी खोली स्लॅबची झाली, दुपारी पोरं वह्यांनी वारा घेत बसतात. ज्या बायांनी हत्ती काढले त्यांतल्या दोघी वारल्या, बाकीच्यांच्या घरांना आता टाइल्स आहेत आणि त्या खुशीत आहेत. मी त्यांना काय सांगू? नव्या सभागृहात परवा जाऊन आले. भर दुपारी आत पाच मिनिटं थांबवेना. किसनमामा म्हणाले, कूलर येणार आहे.

बाबा आता फार कमी बोलतात. तुझ्याबद्दल तर मुळीच नाही. पण गिरजाबद्दल बोलतात. एकदा तोंड उघडल्यावर ते बंद होईना. ती कशी हट्टी होती, गुरांमागे कशी पळायची, ओल्या मातीची लहान लहान घरं करून कशी उन्हात ठेवायची. मी भाजी निवडत ऐकते. आणि दादा, सांगता सांगता ते चुकतात. गिरजा म्हणता म्हणता मिलिंद म्हणतात. मिलिंद माय मारायची तरी ऐकत नव्हता, मिलिंदले त्या दिवशी मी एकटं सोडून गेलो. त्यांच्या ते ध्यानातही येत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी म्हणाले, बाबा, गिरजा. ते गप्प झाले आणि त्या दिवशी पुढे बोललेच नाहीत.

मोठी वचनं मला देता येत नाहीत. एक देते. मी त्यांना पुन्हा कधीच दुरुस्त करणार नाही. ते जे नाव घेतील, त्या नावाला मी हूं म्हणेन, आणि सांगून होईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहीन.

तुझी,
सुजी